रुसलेलं मत कुठे जातं?

२०२४ साली महाराष्ट्रात सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन मोठ्या निवडणुका झाल्या. लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी याच मुद्द्यावर पक्षाध्यक्षांना पत्र लिहून प्रचारातून अंग काढून घेतलं. मतदार मात्र रांगेत उभा राहिला. धुळ्याची जागा काँग्रेसने अवघ्या ३,८३१ मतांनी जिंकली. त्या मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पक्ष मागे होता. ती सगळी पिछाडी एकट्या मालेगाव मध्यने भरून काढली. मग नोव्हेंबरात विधानसभेला आघाडी कोसळली आणि २८८ जणांच्या सभागृहात १० मुस्लिम आमदार पोचले. राज्यात मुसलमानांची लोकसंख्या साडेअकरा टक्के आहे.

तेव्हापासून लग्नात, मय्यतीत, मशिदीबाहेर चपला शोधताना, जिथे भेटतील तिथे तरुण पोरं मला एकच प्रश्न विचारतात. “यांना मत देऊन आपल्याला मिळतं काय? आणि नाही दिलं तर ते दुसरे येतात. मग करायचं काय?” त्यांच्या बोलण्यात राग असतो आणि त्याहून जास्त मायूसी असते. हा पेच आपल्याच पिढीच्या वाट्याला आलाय, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो किमान साठ वर्षं जुना आहे. आपल्या वाडवडिलांनी त्यावर निरनिराळे उपाय करून पाहिले आहेत. काही साफ फसले, काही थोडे यशस्वी झाले. त्याचा नीट हिशोब मात्र आपण कधी मांडला नाही.

आपल्याच पक्षाने निराश केलं की मतदारापुढे साधारण चार वाटा असतात. घरी बसायचं. दुसऱ्याला मत देऊन आपल्याला अद्दल घडवायची. स्वतःचा पक्ष काढायचा. किंवा आहे तिथेच राहून भांडायचं. अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या पुस्तकात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या भाषेत मांडली. सोडून जाणं, आवाज उठवणं आणि निष्ठा, या तिन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असतात, असं त्याचं म्हणणं. जो सोडून जाऊ शकतो त्याचा आवाज जास्त ऐकला जातो. जो कुठेच जाऊ शकत नाही त्याचं ऐकायची गरज कुणालाच वाटत नाही. हे पुस्तक छापून येण्याआधीच भारतातल्या मुसलमानांनी त्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्या प्रयोगाचे नेते होते एक जुने, निष्ठावान काँग्रेसवाले.

अहमदनगरच्या किल्ल्यातला कैदी

डॉ. सय्यद महमूद हे नाव आज महाराष्ट्रात फारसं कुणाला आठवत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे जे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले, त्यांत नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्याबरोबर हेही होते. मूळचे बिहारच्या राजकारणातले. नेहरूंचे तरुणपणापासूनचे मित्र. १९३७ साली बिहारमध्ये काँग्रेसचं सरकार आलं, तेव्हा मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव स्वाभाविक मानलं जात होतं. ते पद त्यांना मिळालं नाही. मौलाना आझादांनी ‘इंडिया विन्स फ्रीडम’मध्ये या प्रसंगाची नोंद केली आहे आणि त्याच्या शेजारीच मुंबई प्रांतात पारशी नेते नरिमन यांना डावलून बाळासाहेब खेरांना पुढे आणल्याची गोष्टही सांगितली आहे. आझादांच्या मते काँग्रेसचा राष्ट्रीयपणा या दोन ठिकाणी कसोटीला उतरला नाही.

तरीही सय्यद महमूद काँग्रेसमध्येच राहिले. बिहारमध्ये मंत्री झाले, पुढे दिल्लीत परराष्ट्र खात्यात मंत्री झाले. फाळणीच्या आधी मुस्लिम लीगची लाट आली तेव्हाही ते हलले नाहीत. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

१९६४ ने सगळं बदललं. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस डिसेंबर १९६३ च्या अखेरीस चोरीला गेला. त्याचे पडसाद पूर्व पाकिस्तानात खुलन्याला उमटले, तिथे हिंदूंवर हल्ले झाले. त्याचा बदला जानेवारीत कलकत्त्यात घेतला गेला आणि मार्चमध्ये जमशेदपूर व राउरकेला या पोलादाच्या शहरांत. नव्या भारताची मंदिरं म्हणून उभारलेल्या कारखान्यांच्या सावलीत कामगारांनी कामगारांना मारलं. सरकारं काँग्रेसचीच होती. २७ मे रोजी नेहरू गेले. ज्या एका माणसाच्या शब्दावर मुसलमान विसंबून होते, तोच उरला नाही.

ऑगस्ट १९६४ मध्ये लखनौच्या नदवतुल उलमात एक बैठक भरली. जमियतचे मौलवी, जमाते इस्लामीचे लोक, मुस्लिम लीगवाले, कुठल्याच तंजीमशी संबंध नसलेले वकील-डॉक्टर, असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका छताखाली आले. त्यातून ‘मुस्लिम मजलिस-ए-मुशावरत’ जन्माला आली. मुशावरत म्हणजे सल्लामसलत. अध्यक्ष झाले पंचाहत्तरीच्या घरातले डॉ. सय्यद महमूद. आयुष्यभर निष्ठा पाळलेल्या माणसाने आवाज उठवायचं ठरवलं होतं.

१९६७ : लखनौचा प्रयोग

मुशावरत हा राजकीय पक्ष नव्हता. सुरुवातीला तिच्या नेत्यांनी दंगलग्रस्त भागांत दौरे काढले, हिंदू पुढाऱ्यांना सोबत घेऊन सभा घेतल्या. पण १९६७ च्या निवडणुका जवळ आल्या तसा प्रश्न उभा राहिला, मतांचं काय? मुशावरतने नऊ मुद्द्यांचा ‘जनतेचा जाहीरनामा’ काढला. उर्दूला स्थान, शालेय पुस्तकांतला पक्षपाती मजकूर काढणं, पर्सनल लॉमध्ये ढवळाढवळ नको, मतांच्या प्रमाणात जागा देणारी निवडणूक पद्धत, असे त्यातले विषय होते. त्यामागचं धोरण त्या काळाच्या मानाने फार धाडसी होतं. पक्ष पाहू नका, उमेदवार पाहा. जो या मागण्या मान्य करेल त्याला मत द्या, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

मुशावरतमध्येच यावर एकमत नव्हतं. काहींना काँग्रेसला इशारा देऊन थांबायचं होतं. उत्तर प्रदेशात मात्र लखनौचे डॉ. अब्दुल जलील फरीदी आणि त्यांचे सहकारी काँग्रेसला धडा शिकवायच्याच मनःस्थितीत होते.

धडा मिळाला. उत्तर प्रदेशच्या ४२५ जागांपैकी काँग्रेसला १९९ मिळाल्या, बहुमत हुकलं. त्याला एकटे मुसलमान कारणीभूत नव्हते. महागाई होती, दुष्काळ होता, पक्षातली भांडणं होती. तरी मुस्लिम मत हललं हे सगळ्यांना दिसलं. चंद्रभानू गुप्तांनी कसंबसं सरकार बनवलं, ते महिनाभरही टिकलं नाही. चौधरी चरणसिंह आपला गट घेऊन बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये संयुक्त विधायक दलाचं सरकार आलं.

खरी गंमत पुढे आहे. त्या सरकारातला सर्वांत मोठा घटक होता ९८ आमदारांचा जनसंघ. उपमुख्यमंत्री जनसंघाचे रामप्रकाश गुप्त. म्हणजे उर्दूसाठी, पाठ्यपुस्तकांसाठी, सुरक्षिततेसाठी काँग्रेसविरुद्ध दिलेलं मत ज्या सत्तेत जाऊन मिसळलं, तिच्यात या मागण्यांचा सर्वांत कडवा विरोधक बसला होता. उर्दूचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. शेजारी बिहारमध्येही तसंच मिश्र सरकार आलं. तिथे उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा देण्याचा प्रस्ताव पुढे येताच विरोधात मोर्चे निघाले, आणि ऑगस्ट १९६७ मध्ये रांचीत भीषण दंगल झाली. मरणाऱ्यांत बहुसंख्य मुसलमान होते.

मुशावरत विस्कटली. १९६८ मध्ये डॉ. फरीदींनी ‘मुस्लिम मजलिस’ नावाचा वेगळा पक्ष काढला, पण तो उत्तर प्रदेशात मूळ धरू शकला नाही. १९६९ च्या मध्यावधी निवडणुकीत काँग्रेस २११ जागा घेऊन परतली, १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत बहुतेक मुसलमान पुन्हा तिथेच गेले. त्याच वर्षी डॉ. सय्यद महमूद वारले.

आपल्याकडे या प्रकरणातून एक सोपा निष्कर्ष काढला जातो, ‘काँग्रेसला सोडलं की जनसंघ येतो, म्हणून गप्प बसा.’ काँग्रेसच्या मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्यांनी हा निष्कर्ष पन्नास वर्षं विकला. पण त्याच साली, त्याच काँग्रेसला सोडून मुसलमानांनी काय मिळवलं, हे पाहायला लखनौहून खूप दक्षिणेला, मलबारात जावं लागेल.

१९६७ : मलबारचा प्रयोग

केरळमध्ये १९६० च्या निवडणुकीत काँग्रेस, प्रजा समाजवादी आणि मुस्लिम लीग यांनी मिळून कम्युनिस्टांना हरवलं. लीगचे ११ आमदार आले. सरकार बनवायची वेळ आली तेव्हा काँग्रेसला लीगची मतं चालत होती, मंत्री चालत नव्हते. लीगच्या वाट्याला मंत्रिपदाऐवजी विधानसभेचं अध्यक्षपद आलं. पहिले अध्यक्ष सीथी साहेब १९६१ मध्ये वारले, तेव्हा सी. एच. मुहम्मद कोया यांचं नाव पुढे आलं. त्यांना त्या खुर्चीत बसण्याआधी लीगचा राजीनामा द्यावा लागला. मित्रपक्षाने याहून उघड अपमान काय करायचा?

लीगने चिडून घरी बसायचं ठरवलं नाही आणि लगेच युद्धही पुकारलं नाही. कोयांनी काही महिन्यांतच अध्यक्षपद सोडलं, लीग आघाडीतून बाहेर पडली आणि पुढची निवडणूक येईपर्यंत थांबली. १९६७ मध्ये तिने ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांच्या नेतृत्वाखालच्या सात पक्षांच्या आघाडीशी हात मिळवला. कालपर्यंत ज्या कम्युनिस्टांविरुद्ध मतं मागितली, त्यांच्याशीच. लीगला १४ जागा मिळाल्या आणि दोन मंत्रिपदं. ज्या कोयांना अध्यक्षपदासाठी पक्ष सोडावा लागला होता, ते लीगचे म्हणूनच शिक्षणमंत्री झाले.

पुढच्या अडीच वर्षांत काय झालं ते पाहा. १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ स्थापन झालं. मलबारच्या पोरांना उच्च शिक्षणासाठी तोवर थेट त्रावणकोरकडे पाहावं लागत होतं. १६ जून १९६९ रोजी मलप्पुरम जिल्हा अस्तित्वात आला. त्याला जनसंघाने आणि ‘केरळचे गांधी’ म्हणवले जाणारे के. केलप्पन यांनी कडाडून विरोध केला होता. केरळात दुसरं पाकिस्तान होतंय असा ओरडा झाला. जिल्हा झाला, आणि काहीही आभाळ कोसळलं नाही. मागास, दुर्लक्षित भागात कलेक्टर कचेरी, इस्पितळं, शाळा आल्या.

त्याच १९६९ च्या अखेरीस नंबुद्रीपादांचं सरकार पडलं. लीग पुढच्या आघाडीत गेली, जिच्या पाठीशी काँग्रेस होती. दहा वर्षांपूर्वी जी काँग्रेस लीगला खुर्ची द्यायला तयार नव्हती, तिला आता लीगचे मंत्री चालू लागले. ऑक्टोबर १९७९ मध्ये तर कोया काही आठवडे मुख्यमंत्रीही झाले.

फरक कशात होता?

साल एक. राग एकाच पक्षावरचा. मग लखनौ आणि कोळिकोडमध्ये इतकं अंतर का?

लोकसंख्येची रचना हे पहिलं कारण, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मलबारच्या काही तालुक्यांत मुसलमान बहुसंख्य आहेत, तिथे ते स्वतःच्या बळावर आमदार निवडून आणू शकतात. उत्तर प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रातही ते विखुरलेले आहेत. मलबारचा साचा उचलून मराठवाड्यात बसवता येत नाही.

पण कारण तेवढंच नव्हतं. मुशावरतने मत कुणाला द्यायचं हे सांगितलं, मतदान झाल्यावर काय हे ठरवलं नव्हतं. तिच्या पाठिंब्यावर निवडून आलेले लोक निरनिराळ्या पक्षांत विखुरले होते आणि आपापल्या पक्षाच्या व्हिपला बांधलेले होते. सरकार बनताना वाटाघाटीच्या खोलीत मुशावरतचा एकही माणूस नव्हता. लीगचा होता. मुशावरतच्या नऊ मुद्द्यांत निवडणूक पद्धत बदलण्यासारखी, दिल्लीतही वर्षानुवर्षं लागतील अशी मागणी होती. लीगच्या मागण्या एका सरकारच्या मुदतीत पुऱ्या होतील अशा होत्या. जिल्हा झाला की नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं.

लखनौच्या मताने राग व्यक्त केला, आणि मलबारच्या मताने सौदा केला. ‘सौदा’ हा शब्द आपल्याला हलका वाटतो, जणू ईमान विकल्यासारखा. लोकशाहीत तो हलका नाही. साखर कारखानदार, शिक्षणसंस्थाचालक, कापूस उत्पादक, कर्मचारी संघटना सगळेच निवडणुकीआधी आपल्या मागण्या घेऊन पक्षांच्या दारात जातात. आपणच तेवढे ‘यांना हरवा’ एवढ्या एका मागणीवर मत देतो.

शिक्षा देण्याची मर्यादा

शिक्षा म्हणून दिलेलं मत किती जबरदस्त असू शकतं, ते १९७७ ने दाखवलं. आणीबाणीत तुर्कमान गेटला बुलडोझर आणि गोळीबार झाला, सक्तीच्या नसबंदीने उत्तर भारतातल्या गावागावांत दहशत बसली. जामा मशिदीचे इमाम अब्दुल्ला बुखारी काँग्रेसविरुद्ध उभे राहिले. उत्तर प्रदेशात ८५ पैकी शून्य, बिहारमध्ये ५४ पैकी शून्य, असा काँग्रेसचा निकाल लागला. दलित, मुसलमान, शेतकरी सगळे एका बाजूला गेले होते. त्या मताने हुकूमशाहीचा प्रयोग मोडला, हे त्याचं मोठं श्रेय आहे. जनता सरकारने १९७८ मध्ये अल्पसंख्याक आयोगही नेमला. पण १९७९ मध्ये जमशेदपूर पुन्हा पेटलं, आणि १९८० मध्ये काँग्रेस परतल्यावर ऑगस्टमध्ये मुरादाबादला ईदच्या दिवशी गोळीबार झाला. शिक्षेने सरकार बदललं. पोलीस, प्रशासन, पाठ्यपुस्तक यांतलं काही बदललं नाही, कारण तो त्या मताचा विषयच नव्हता.

मुंबई, आणि नंतरची वीस वर्षं

आता आपल्या घरात या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळाली. सुमारे ९०० माणसं मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. दिल्लीत काँग्रेस, राज्यात काँग्रेस. बाबरी वाचली नाही आणि मोहल्लेही वाचले नाहीत. १९९५ च्या विधानसभेत मुसलमानांचा एक मोठा भाग काँग्रेसपासून दूर गेला. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात समाजवादी पक्षाला पहिल्यांदाच पाय रोवायला जागा मिळाली, त्याचे तीन आमदार निवडून आले. काँग्रेस ८० वर घसरली. त्यात बंडखोरांचा वाटा मोठा होता, त्या वर्षी ४५ अपक्ष निवडून आले होते. शिवसेना ७३, भाजप ६५. युतीचं सरकार आलं आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याने श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. काही महिन्यांनी तो पुन्हा जिवंत करावा लागला. १९९८ मध्ये अहवाल आला, सरकारने तो नाकारला.

मुसलमान घाबरून परत काँग्रेसकडे आणि नव्या राष्ट्रवादीकडे गेले. १९९९ पासून २०१४ पर्यंत सलग पंधरा वर्षं आघाडीचं राज्य होतं. श्रीकृष्ण अहवालाची अंमलबजावणी हे आश्वासन होतं. विशेष कृती दल नेमलं गेलं, काही खटले पुन्हा उघडले गेले, शिक्षा मात्र हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या झाल्या. पंधरा वर्षांत तीन निवडणुका झाल्या. त्यांतल्या एकाही वेळी आपण सगळ्यांनी मिळून विचारलं नाही की मागच्या वेळच्या शब्दाचं काय झालं? ‘ते येतील’ या भीतीनेच प्रत्येक वेळी काम भागलं. हर्शमनचं सूत्र इथे उघडं पडतं. जो कुठेच जाणार नाही हे माहीत आहे, त्याच्यासाठी कोण घाम गाळणार?

दोन सरकारी कागद

मला या काळातले दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायला आवडतात.

पहिला २०१४ चा. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. राज्य सरकारने २००८ मध्ये महमूदुर रहमान अभ्यासगट नेमला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. आणि जुलै २०१४ मध्ये, विधानसभेला तीन महिने उरले असताना, मुस्लिमांतल्या मागासांना ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला, मराठा आरक्षणाच्या जोडीने. पंधरा वर्षं हातात असताना कायदा झाला नाही, जाता जाता वटहुकूम झाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या ५ टक्क्यांना हात लावला नाही, नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली. पण तोवर सरकार बदललं होतं. वटहुकमाचा कायदा झालाच नाही, तो आपोआप मेला.

दुसरा कागद १९९४ चा. मंडल आयोगाने मुसलमानांतल्या मागास जातींचाही विचार केला होता. प्रत्यक्षात मात्र बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, कुरेशी यांच्या पोरांना तहसील कचेरीत सांगितलं जायचं की इस्लाममध्ये जात नसते, दाखला मिळणार नाही. जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या मुस्लिम ओबीसी संघटनेच्या लोकांनी गावोगाव फिरून ही एकच मागणी लावून धरली. आमच्यातल्या कारागिरांना त्यांच्या धंद्याच्या नावाने ओबीसी दाखला द्या. त्यांना मौलवींचा विरोध पत्करावा लागला, ‘कौमेत फूट पाडता’ असे टोमणे ऐकावे लागले. दिलीपकुमार त्यांच्या पाठीशी उभे राहिले, सभांना आले. माळी, धनगर, वंजारी समाजातल्या ओबीसी कार्यकर्त्यांशी त्यांनी हातमिळवणी केली. १९९४ साली शरद पवारांच्या सरकारने शासन निर्णय काढला आणि दाखल्यांचा रस्ता खुला झाला.

सरकार त्याच काँग्रेसचं होतं, जिच्या काळात मुंबई जळाली. त्या संघटनेने काँग्रेसला माफ केलं नव्हतं की तिची पालखीही उचलली नव्हती. तिने एक नेमकी मागणी धरली, तिचे कागद तयार केले आणि इतर समाजांना बरोबर घेतलं. नंतर युतीचं सरकार आलं, गेलं, पुन्हा आलं. १९९४ चा निर्णय टिकला. आज कुठल्याही जिल्ह्यात एखादी बागवान मुलगी ओबीसी जागेवर डी.एड., इंजिनीअरिंग किंवा ग्रामपंचायतीत पोचते, ती त्या कागदाच्या जोरावर. २०१४ चा वटहुकूम मतांसाठी वरून दिलेला होता. १९९४ चा निर्णय खालून मागून घेतलेला होता, आणि तो केवळ आपल्यासाठी नव्हता, एका मोठ्या मागास समूहाच्या हक्काचा भाग होता. म्हणून तो मोडायची कुणाला हिंमत झाली नाही.

मग करायचं काय?

इतिहास तयार उत्तर देत नाही. तरी वरच्या हिशोबातून मला काही गोष्टी स्पष्ट दिसतात, त्या तरुण मित्रांपुढे ठेवतो.

घरी बसणं हा निषेध कुणालाच ऐकू जात नाही. न दिलेल्या मतावर कारण लिहिलेलं नसतं. २०१३ पासून मतयंत्रावर ‘नोटा’ आहे, पण लोकसभा-विधानसभेला त्याला कितीही मतं पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मतं मिळवणाराच निवडून येतो.

स्वतःचा पक्ष हा मार्ग हराम नाही, जादूही नाही. एमआयएमने २०१४ मध्ये औरंगाबाद मध्य आणि भायखळा जिंकलं, २०१९ मध्ये वंचितच्या साथीने औरंगाबादची लोकसभा जिंकली. ती साथ सुटल्यावर हात आखडला. मलबारची लीग टिकली ती आघाड्यांमुळे. एकटं उभं राहून ती कधीच सत्तेत आली नव्हती.

पक्ष बदलणं गुन्हा नाही. पण ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडून आधी काय लिहून घेतलं, आणि तो उद्या कुणासोबत बसणार आहे, हे न विचारता बदललेलं मत १९६७ च्या लखनौसारखं भलत्याच घरी पोचतं.

आणि राहायचं असेल तर हिशोब ठेवून राहा. धुळ्यात ३,८३१ मतांनी खासदार निवडून येतो, म्हणजे मालेगावच्या प्रत्येक गल्लीला आज किंमत आहे. त्या किमतीच्या बदल्यात काय मागितलं गेलं? यंत्रमाग कामगारांसाठी वीजदर? इस्पितळात डॉक्टर? मुलींसाठी वसतिगृह? उमेदवाराच्या सहीचा एखादा कागद? माझ्या माहितीत असा एकही कागद नाही. भीतीपोटी दिलेल्या मताची पावती कुणी फाडत नाही.

प्रत्येक मतदारसंघात दहा माणसं पुरतात. त्यात बायका असाव्यात, शेजारचे दलित-ओबीसी कार्यकर्ते असावेत, आणि स्वतः तिकीट मागणारा एकही नसावा. तीन मागण्या ठरवायच्या, एका मुदतीत होतील अशा. निवडणुकीआधी सगळ्या उमेदवारांपुढे त्या जाहीरपणे ठेवायच्या, उत्तरं छापायची. मग दर सहा महिन्यांनी निवडून आलेल्या माणसाला त्याच चौकात बोलावून विचारायचं, कुठवर आलं? तो आला नाही तर तेही छापायचं. पुढच्या निवडणुकीत थांबायचं की सोडायचं, याचा निर्णय त्या छापलेल्या कागदावर घ्यायचा.

डॉ. सय्यद महमूद यांनी निष्ठा पाळून पाहिली आणि बंडही करून पाहिलं. दोन्ही वेळा प्रामाणिकपणा होता, त्याग होता, माणसंही मागे होती. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार ठोठावणारं कुणी नव्हतं, एवढंच कमी पडलं. जिल्हा परिषदांच्या, नगरपालिकांच्या निवडणुका विधानसभेपेक्षा लहान असतात, तिथे चारशे-पाचशे मतांवर निकाल फिरतो. सुरुवात करायला तीच जागा सर्वांत सोपी आहे.